युद्ध थांबलं, घराची चावीही होती, पण आत दुसरंच कुटुंब राहत होतं! बॉस्नियात १० लाख लोक घरी परत कसे गेले?

युद्ध संपल्याची बातमी येते, नेते हात मिळवतात, फोटो निघतात. आपल्याला वाटतं, चला, आता लोक आपापल्या घरी जातील.

पण घरी जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं? घर जळलं असेल तर? जळलं नाही, पण त्यात दुसरं कुटुंब राहायला आलं असेल तर? आणि ज्या पोलिसाने तुम्हाला बंदूक दाखवून हाकललं, तोच आजही त्या गावच्या चौकीत बसलेला असेल तर?

हे प्रश्न कल्पनेतले नाहीत. ३० वर्षांपूर्वी युरोपातल्या बॉस्निया या छोट्या देशात लाखो कुटुंबांसमोर नेमके हेच प्रश्न होते. आणि त्यातून जी उत्तरं निघाली, ती आजही जगात कुठेही विस्थापितांना परत न्यायचं म्हटलं की काढून बघितली जातात.

आधी थोडक्यात, झालं काय होतं?

बॉस्निया आणि हर्झेगोव्हिना हा युगोस्लाव्हियाचा एक भाग. बॉस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम), सर्ब (ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन) आणि क्रोएट (कॅथलिक ख्रिश्चन) असे तीन समाज तिथे एकाच गल्लीत, एकाच इमारतीत राहायचे. युगोस्लाव्हिया फुटला आणि एप्रिल १९९२ मध्ये इथे युद्ध पेटलं.

जाता जाता एक गोष्ट. माजी युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना गेली, तिचे पहिले प्रमुख भारतीय होते. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मूळचे मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. १९९२-९३ मध्ये त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

या युद्धात लोक घर सोडून गेले, ते फक्त गोळीबाराला घाबरून नाही. एखादा भाग 'आपल्याच' लोकांचा करायचा, म्हणून दुसऱ्या समाजाला ठरवून हाकललं गेलं. घरं जाळली, मशिदी आणि चर्च पाडली, छळछावण्या उघडल्या. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सामध्ये ८ हजारांहून जास्त बॉस्नियाक पुरुष आणि मुलांची कत्तल झाली.

युद्ध थांबलं तेव्हा सुमारे १ लाख माणसं मेली होती. देशाची लोकसंख्या साधारण ४४ लाख आणि त्यातले सुमारे २२ लाख लोक आपल्या घरी नव्हते. म्हणजे दर दोन माणसांमागे एक जण विस्थापित. त्यातले जवळपास १२ लाख परदेशात गेले होते, तर १० लाख देशातच दुसऱ्या गावी, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात राहत होते.

करारात लिहिलं : 'आपल्या' घरी जाण्याचा हक्क

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहराजवळच्या हवाई तळावर वाटाघाटी झाल्या आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या. याला डेटन करार म्हणतात. देश एकच राहिला, पण त्याचे दोन भाग पडले. एक बॉस्नियाक आणि क्रोएट लोकांचं फेडरेशन आणि दुसरा सर्बांचा 'रेपुब्लिका स्रप्स्का'.

या कराराला अनेक परिशिष्टं होती. त्यातलं सातवं परिशिष्ट फक्त निर्वासित आणि विस्थापितांसाठी होतं. त्यात म्हटलं होतं की प्रत्येकाला आपल्या मूळ घरी मोकळेपणाने परत जाण्याचा हक्क आहे. हिरावलेली मालमत्ता परत मिळेल, ती मिळण्यासारखी नसेल तर भरपाई मिळेल.

यात खरी मेख 'मूळ घरी' या शब्दांत होती. त्याआधी निर्वासित परतले याचा अर्थ साधारणपणे ते आपल्या देशात परतले असा घेतला जायचा. इथे नुसता देश नाही, तर तुमचं गाव, तुमची गल्ली, तुमचा दरवाजा असं म्हटलं होतं. कारण लोक जर आपापल्या समाजाच्या भागातच राहिले असते, तर हाकलणाऱ्यांचा हेतू सफल झाला असता.

त्याच परिशिष्टात दुसरी बाजूही होती. कुठे राहायचं ते माणूस स्वतः ठरवेल. धोका असलेल्या जागी राहायची किंवा जायची सक्ती कुणावरही करता येणार नाही.

'स्वेच्छेने' म्हणजे नेमकं काय?

संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था म्हणजे यूएनएचसीआर. परतण्याबद्दल बोलताना ती तीन शब्द कायम वापरते : स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने.

यातला पहिला शब्द वाटतो सोपा, पण सगळ्यात अवघड तोच आहे. कागदावर सही घेतली म्हणजे स्वेच्छा झाली असं नाही. छावणीतलं रेशन बंद करून, व्हिसा संपवून किंवा 'तिकडे सगळं आलबेल आहे' असं खोटं सांगून घेतलेली सही स्वेच्छेची नसते. माणसाकडे परत न जाण्याचा पर्यायही खराखुरा असला पाहिजे, आणि तिकडची खरी माहिती त्याला मिळाली पाहिजे. म्हणूनच आधी जाऊन बघून येण्याच्या भेटी आयोजित केल्या जातात. बस करून लोकांना गावी नेायचं, घर दाखवायचं, शेजाऱ्यांशी बोलू द्यायचं आणि परत आणायचं. निर्णय नंतर, घरच्यांशी बोलून.

बॉस्नियात हा नियम मोडलाही गेला. युद्धात जर्मनीने तीन लाखांहून जास्त बॉस्नियन लोकांना आसरा दिला होता. पण १९९६ च्या अखेरीस जर्मनीने त्यांना परत पाठवायला सुरुवात केली. त्यातल्या अनेकांचं मूळ गाव आता दुसऱ्या समाजाच्या ताब्यात होतं. ते बॉस्नियात उतरले, पण घरी पोहोचलेच नाहीत. परदेशातले निर्वासित होते, ते मायदेशातले विस्थापित झाले. आकडेवारीत मात्र ते 'परतले' होते!

करार झाला, तरी पहिली काही वर्षं फसली

डेटननंतर नाटोचे सुमारे ६० हजार सैनिक बॉस्नियात उतरले. गोळीबार थांबला. पण दुसऱ्या समाजाच्या भागातल्या आपल्या घरी जाणारे लोक फारच थोडे होते. उलट १९९६ च्या सुरुवातीला सारायेव्होची सर्बबहुल उपनगरं फेडरेशनकडे सोपवली गेली, तेव्हा हजारो सर्ब कुटुंबं सामान बांधून निघून गेली. काही घाबरून, तर काहींना त्यांच्याच नेत्यांनी जायला भाग पाडलं.

असं का झालं?

पहिलं कारण, सत्ता त्याच लोकांच्या हातात होती. तिन्ही बाजूंच्या कट्टर नेत्यांना आपला भाग 'शुद्ध' ठेवायचा होता. घर बघायला आलेल्या लोकांच्या बसवर दगड पडायचे. परतायची तयारी सुरू आहे असं कळलं की रिकामी घरं रातोरात पेटवली जायची. १९९८ मध्ये द्रवार शहरात सर्ब परतायला लागले, तेव्हा तिथे क्रोएट जमावाने दंगल केली. स्तोलात्समध्ये बॉस्नियाक लोकांची घरं उडवली गेली. बळी तिन्ही समाजांत होते आणि अडवणारेही तिन्ही समाजांत होते.

दुसरं कारण होतं कायदा. युद्धाच्या काळात सगळ्याच बाजूंनी पळून गेलेल्यांची घरं 'सोडून दिलेली मालमत्ता' म्हणून जाहीर केली आणि आपल्या लोकांना वाटली. शहरातले बरेचसे फ्लॅट सरकारी कंपन्यांच्या मालकीचे होते. राहणाऱ्याला त्यात आयुष्यभर राहण्याचा आणि तो हक्क घरच्यांकडे देण्याचा अधिकार असायचा. मुंबईतल्या पागडीच्या खोल्यांशी थोडंफार जुळणारा प्रकार. फेडरेशनमध्ये युद्ध संपल्यावर नियम काय होता? मूळ रहिवाशाने देशात असेल तर ७ दिवसांत आणि परदेशात असेल तर १५ दिवसांत परत यायचं, नाहीतर हक्क गेला.

विचार करा. रस्ते बंद, गावात शत्रूची सत्ता, आणि मुदत एक आठवडा. घर कायमचं काढून घ्यायचा हा कायदेशीर मार्ग होता.

तिसरं कारण म्हणजे घरांची साखळी. बान्या लुकामधल्या बॉस्नियाक माणसाच्या घरात सारायेव्होहून आलेला सर्ब राहतोय. सारायेव्होतल्या त्या सर्बाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्याच गावातून आलेलं बॉस्नियाक कुटुंब आहे. त्या कुटुंबाचं गावातलं घर जळालंय. आता सुरुवात कुठून करायची? 'माझं घर मिळाल्याशिवाय मी हे सोडणार नाही,' असं प्रत्येक जण म्हणणार, आणि त्यात प्रत्येकाचं थोडं खरंही असणार.

गाडीच्या नंबरप्लेटने काय फरक पडला?

१९९८ पर्यंत बॉस्नियात प्रत्येक भागाच्या नंबरप्लेट वेगळ्या होत्या. गाडी बघूनच कळायचं की आत बसलेला माणूस 'आपला' आहे की 'त्यांचा'. त्यामुळे दुसऱ्या भागात गाडी न्यायची हिंमत कुणी करत नसे. यूएनएचसीआरने दोन भागांना जोडणाऱ्या खास बस सुरू केल्या होत्या, पण त्याही सगळीकडे पुरणाऱ्या नव्हत्या.

डिसेंबर १९९७ मध्ये बॉन शहरात एक बैठक झाली. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याला, म्हणजे 'हाय रिप्रेझेंटेटिव्ह'ला, जादा अधिकार मिळाले. स्थानिक नेते अडून बसले तर तो कायदा थेट लागू करू शकत होता आणि अधिकाऱ्यांना पदावरून काढू शकत होता.

हे अधिकार वापरून देशभर एकसारख्या नंबरप्लेट आणल्या गेल्या. त्यावर कुठल्याही शहराची किंवा भागाची खूण नव्हती. अक्षरंसुद्धा कोणती निवडली? ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी. कारण ही अक्षरं बॉस्नियाक-क्रोएट वापरत असलेल्या लॅटिन लिपीत आणि सर्ब वापरत असलेल्या सिरिलिक लिपीत सारखीच दिसतात!

गाडी कुणाची हे कळेनासं झालं आणि लोक सीमारेषा ओलांडून ये-जा करू लागले. जुनं घर लांबून बघून यायचं, शेजाऱ्याला भेटायचं, आजोबांच्या कबरीवर जाऊन यायचं. परतण्याचा विचार अशा फेऱ्यांतूनच पक्का होत गेला.

मग घरं रिकामी कशी झाली?

१९९८ मध्ये दोन्ही भागांत जुने कायदे रद्द होऊन नवे मालमत्ता कायदे आले. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाचे हाय रिप्रेझेंटेटिव्ह वोल्फगांग पेट्रिच यांनी दोन्हीकडचे नियम सारखे करून टाकले. त्याच सुमारास पाच आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ते राबवण्याची एक योजना हातात घेतली. तिचं तत्त्व साधं होतं.

घर कुणाचं हा राजकारणाचा प्रश्न नाही, तो कायद्याचा प्रश्न आहे.

- मूळ मालकाने किंवा रहिवाशाने नगरपालिकेच्या कार्यालयात दावा करायचा. युद्धाच्या आधी तो तिथे राहत होता हे सिद्ध झालं की घर त्याचं.
- आत राहणाऱ्याला घर सोडण्यासाठी मुदत मिळायची. त्याला खरंच दुसरं छप्पर नसेल तर तात्पुरती सोय करणं सरकारचं काम. पण दोन-दोन घरं बळकावून बसलेल्यांना लवकर बाहेर काढायचं.
- दावे आलेल्या तारखेप्रमाणे क्रमाने निकाली काढायचे. म्हणजे ओळखीपाळखीला आणि जातधर्माला वाव नाही.
- मूळ मालकाने गावात परत येऊन राहायलाच हवं अशी अट नाही. घर ताब्यात घेऊन तो ते विकूही शकतो.

मालकीचे वाद सोडवायला एक स्वतंत्र आयोगही होता. त्याने ३ लाखांहून जास्त निर्णय दिले. पण त्याच्याकडे अंमलबजावणीची ताकद नव्हती. निकालाचा कागद हातात आणि घरात दुसराच, असं अनेकांचं वर्षानुवर्षं चाललं. ती ताकद आली कारवाईतून. नोव्हेंबर १९९९ मध्ये परतणाऱ्यांची अडवणूक करणारे २२ अधिकारी एका दिवसात पदावरून हटवले गेले. दुसऱ्याच्या घरात राहणारे पोलीस आणि नेते यांनाही घरं सोडायला लावली.

निकाल काय लागला? दोन लाखांच्या आसपास दावे आले होते. २००४ पर्यंत त्यातले ९० टक्क्यांहून जास्त निकाली निघाले. दुसऱ्या समाजाचं वर्चस्व असलेल्या भागात परतणाऱ्यांची संख्या १९९९ मध्ये साधारण ४१ हजार होती, ती २००२ मध्ये १ लाखाच्या वर गेली. आणि सप्टेंबर २००४ मध्ये यूएनएचसीआरने जाहीर केलं की १० लाख लोक परतले आहेत.

कोझारात्स : जिथे लोकांनी वाट बघितली नाही

पण सगळं श्रेय कायद्याला आणि अधिकाऱ्यांना देणं चुकीचं ठरेल.

प्रियेडोर शहराजवळ कोझारात्स नावाचं गाव आहे. १९९२ मध्ये इथल्या बॉस्नियाक लोकांना ओमार्स्का, केराटर्म आणि ट्रनोपोल्ये इथल्या छावण्यांत डांबलं गेलं. शेकडो माणसं मारली गेली, घरं जमीनदोस्त झाली. वाचलेले काही जण सीमारेषेच्या पलीकडे सान्स्की मोस्तमध्ये राहिले, बाकीचे युरोपभर पांगले.

जुलै १९९७ मध्ये प्रियेडोरचा युद्धकाळातला पोलीसप्रमुख सिमो द्रल्याचा याला पकडायला नाटोचे सैनिक गेले. चकमकीत तो ठार झाला. ज्याच्या भीतीने लोक गावाकडे फिरकत नव्हते, तोच राहिला नाही. पुढच्या दोन वर्षांत लोक यायला लागले. आधी ढिगारे उपसायला, मग दिवसभर काम करून संध्याकाळी परत जायला, मग तंबूत राहायला. मदत बऱ्याचदा नंतर आली, माणसं आधी. परदेशातल्या नातेवाइकांनी पैसे पाठवले आणि गाव पुन्हा उभं राहिलं.

इथे एक बारकावा आहे. जळालेल्या गावात परतणं अनेकदा चांगल्या फ्लॅटमध्ये परतण्यापेक्षा सोपं ठरलं. कारण ढिगाऱ्यात कुणी राहत नव्हतं. कुणाला बाहेर काढायचा प्रश्न नव्हता.

घर मिळालं, पुढे काय?

कोनयेविच पोल्ये या गावातली एक बॉस्नियाक विधवा परत आली, तेव्हा तिच्या अंगणात चक्क एक ऑर्थोडॉक्स चर्च उभं होतं. तिचा नवरा आणि वीसहून जास्त नातेवाईक स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडात मारले गेले होते. जमीन तिची असल्याचे निर्णय झाले, पण चर्च हललं नाही. ओर्लोविच कुटुंबाचा हा खटला शेवटी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने चर्च हटवायचा आदेश दिला आणि जून २०२१ मध्ये ते पाडलं गेलं. म्हणजे आपलंच अंगण मोकळं व्हायला तिला दोन दशकं लागली.

बाकीच्यांसमोर वेगळे प्रश्न होते. गावात घर आहे, पण नोकरी 'त्यांच्याच' लोकांना मिळते. पेन्शन एका भागातून, दवाखाना दुसऱ्या भागात. शेतात भूसुरुंग. मुलांच्या शाळेत इतिहास दुसऱ्या बाजूचा. काही ठिकाणी तर एकाच इमारतीत दोन शाळा, दोन समाजांच्या मुलांसाठी दोन वेगळे अभ्यासक्रम.

म्हणून अनेकांनी घर ताब्यात घेतलं आणि विकून किंवा बदलून टाकलं. अनेक गावांत म्हातारी माणसं परतली आणि तरुण शहरात किंवा परदेशातच राहिले. १९९१ मध्ये स्रेब्रेनित्साच्या परिसरात सुमारे ३६ हजार लोक होते, २०१३ च्या जनगणनेत साधारण १३ हजार उरले. त्याच जनगणनेत रेपुब्लिका स्रप्स्कामध्ये सर्बांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. घरं परत देण्यात बॉस्निया बराच यशस्वी झाला, पण जुनी मिश्र वस्ती परत आली नाही.

आणि परत जायचंच नसेल तर?

याचं उदाहरण आपल्या देशात आहे. १९९७ मध्ये मिझोराममध्ये झालेल्या हिंसेनंतर ब्रू (रियांग) समाजाचे हजारो लोक त्रिपुरात पळून आले आणि छावण्यांत राहिले. २००९ पासून त्यांना परत पाठवायचे अनेक प्रयत्न झाले. २०१८ मध्ये करारही झाला. पण सुरक्षितता आणि जमिनीबद्दल खात्री वाटत नसल्याने बहुतेक कुटुंबं गेलीच नाहीत. २०१९ मध्ये छावण्यांतलं रेशन थांबवलं गेलं, तरीही नाहीत.

शेवटी १६ जानेवारी २०२० ला केंद्र, त्रिपुरा, मिझोराम आणि ब्रू प्रतिनिधी यांच्यात नवा करार झाला. सुमारे ३४ हजार लोकांना त्रिपुरातच कायमचं वसवायचं ठरलं. ६०० कोटींचं पॅकेज, प्रत्येक कुटुंबाला घरासाठी प्लॉट आणि दीड लाख रुपये, ४ लाखांची मुदत ठेव, दोन वर्षं महिना ५ हजार रुपये आणि मोफत रेशन.

हे अपयश म्हणायचं का? एका अर्थाने हो, कारण मूळ गाव सुटलं ते सुटलंच. पण 'स्वेच्छेने' या शब्दात 'नाही' म्हणायचा हक्कही येतो, आणि २३ वर्षांनी तो मान्य झाला.

आज हे का समजून घ्यायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात बशर अल-असद यांची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षभरात १० लाखांहून जास्त निर्वासित तिथे परतले. त्यांच्यासमोरही घराचाच प्रश्न आहे. असद सरकारने २०१८ मध्ये 'कायदा क्रमांक १०' आणला होता. पुनर्विकासासाठी निवडलेल्या भागात मालकी सिद्ध करायला लोकांना सुरुवातीला फक्त ३० दिवस दिले होते. टीका झाल्यावर मुदत एक वर्षाची केली. बॉस्नियातल्या त्या ७ दिवसांच्या नियमाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी 'इतके लाख निर्वासित मायदेशी परतले' अशी पोस्ट दिसली, तर आकड्याच्या पलीकडचे चार प्रश्न विचारायला हरकत नाही. ते आपल्या मूळ घरी गेले की नुसतेच सीमेच्या आत? घराची मालकी कुणाच्या नावावर आहे? त्यांना हाकलणारी माणसं अजून त्याच खुर्चीत आहेत का? आणि परत न जाण्याचा पर्याय त्यांना होता का?

या चारांची उत्तरं मिळाली, की बातमी आनंदाची आहे की नाही ते आपोआप कळतं.